तीस मिनिटांचं दार

आमच्या घराविरुद्ध आजवर एकच लेखी तक्रार झाली आहे आणि ती मी केलेली आहे. हे मी ज्या ज्या माणसाला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने दर वेळी ‘खरंय’ अशी मान हलवली. तक्रारीत खोटं काहीच नव्हतं. शुद्धलेखन चोख होतं, समास सोडलेला होता, तीन प्रती होत्या. कचेरीच्या आवक-जावक विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत. ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट घडलेलीच नसते, अशी आमच्याकडची शिकवण. तिनेच माझा घात केला.

त्याचं असं झालं, की कचेरीत आगीपासून बचाव या विषयावर एक व्याख्यान झालं आणि प्रत्येक मजल्यावर एक अग्निरक्षक नेमायचं ठरलं. भिंतीवरच्या लाल नळकांड्याला सगळ्यात जवळचं टेबल माझं, त्यामुळे आमच्या मजल्यावर निवडणूक वगैरे झाली नाही. मला एक नारिंगी जाकीट मिळालं. बावीस वर्षांत मिळालेलं हे माझं पहिलं पद. जाकीट घरी आणायची खरं तर गरज नव्हती, पण इस्त्रीचं निमित्त होतं. घरी आल्यावर ते मी थोडा वेळ घालूनच बसलो. आई म्हणाली, "रस्त्याच्या कामावर घातलं का रे तुला?"

व्याख्यान देणारा माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त एवढंच सांगितलं, की ज्या घरांना लागून गॅरेज असतं, तिथे आग बऱ्याचदा गॅरेजमध्ये लागते आणि मधल्या दारातून घरात शिरते. गाडी, पेट्रोल, व्हार्निशचे डबे, लाकडाचा भुसा हे सगळं एका छपराखाली आणि मध्ये एक पातळ दार. मी ताठ झालो. हा माणूस आमच्या घरी कधी येऊन गेला, असं मला वाटलं. बरं, तो म्हणत होता ते खरं होतं आणि आजही खरं आहे. माझी सगळी पंचाईत तिथेच आहे.

आमच्या गॅरेजच्या अर्ध्या भागात गाडी आणि अर्ध्या भागात बाबा. निवृत्त झाल्यापासून बाबा खुर्च्या दुरुस्त करतात. सगळ्या गल्लीतल्या डुगडुगणाऱ्या, पाय मोडलेल्या, पाठ निखळलेल्या खुर्च्या आमच्याकडे दाखल होतात आणि चांगल्या धडधाकट होऊन परत जातात. गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारं एक दार होतं. त्याला अडकण म्हणून एखादी खुर्ची लावलेली असायची, त्यामुळे ते दार आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. दाराच्या इकडे आईचा ओटा, तिकडे बाबांचं बाक. सकाळची आवराआवर झाली की बाबा तिकडे जाऊन ठोकायला लागायचे, आई इकडे भाजी निवडायला घ्यायची, आणि मग दुपारी चारपर्यंत दोघं बोलायची.

काय बोलायची ते विचारू नका. आई कुठल्यातरी मावसबहिणीच्या लग्नापासून सुरुवात करायची, मग त्या लग्नात हरवलेला डबा, तो ज्यांच्याकडे सापडला त्यांचा मुलगा, त्या मुलाचं डोळ्याचं ऑपरेशन, असं करत करत ती आजच्या दुधापाशी यायची. बाबा मधूनमधून "हो का", "मग?", "तो उंच होता तोच ना?" असं म्हणायचे आणि पुन्हा ठोकायचे. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत. हीच माणसं संध्याकाळी दिवाणखान्यात सोफ्यावर शेजारी शेजारी बसली, की दोन वाक्यांच्या वर बोलणं नाही. सगळा संसार त्या दारातून चालला होता. हे मला कित्येक वर्षं माहीत होतं, पण कधी जाणवलं म्हणाल तर नाही.

मी कचेरीतला पाहणीचा छापील तक्ता घरी आणला, जाकीट घातलं आणि गॅरेजची रीतसर पाहणी केली. एकूण चौदा त्रुटी निघाल्या. दार आतून पोकळ, खाली बोटभर फट, आपोआप बंद होण्याची सोय नाही, भिंतीतून नळ गेला आहे तिथे उंदीर जाईल एवढं भोक. एखाद्या शहाण्या माणसाने सुतार बोलावला असता. मी अग्निसुरक्षा कार्यालयाला पत्र लिहिलं. ‘सदर निवासस्थानी गंभीर त्रुटी आढळून आल्या असून आपण उचित कार्यवाही करावी, ही विनंती.’ मला वाटलं होतं, ते कौतुकाचं पत्र पाठवतील. फार तर एखादं माहितीपत्रक.

त्यांनी नोटीस पाठवली.

मी धावत कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, "तक्रार कोणी केली आहे?"

"मीच."

"कोणाविरुद्ध?"

"तसं म्हटलं तर… माझ्याच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "काही घरगुती वाद आहे का?"

"नाही नाही. फक्त सल्ला हवा होता. मी तक्रार मागे घेतो."

"तक्रार तुम्ही मागे घ्याल हो. धोका मागे घेतो का? आता मला कळलंय. उद्या तिथे काही झालं, तर माझ्या फाइलमध्ये तुमच्या अक्षरात चौदा कलमं आहेत." त्यांनी कलमांवरून बोट फिरवलं. "अक्षर मात्र सुंदर आहे."

हेच कोणी मला माझ्या कचेरीत सांगितलं असतं, तर मी "अगदी बरोबर" म्हणालो असतो. महिन्याभरात दार बदला, भोकं बुजवा, छताला आग रोखणारे तक्ते मारा, मग आम्ही पाहणी करून प्रमाणपत्र देऊ आणि पुढे दर वर्षी येऊन बघून जाऊ, असं ठरलं. घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. बायको म्हणाली, "आपण दोघं एका घरात राहतो ना? मला आधी विचारलं असतं तर पोस्टाचा खर्चही झाला नसता."

बातमी गल्लीत पसरली. समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात, ज्यांना आम्ही घरात सर्वज्ञ म्हणतो. ते बनियनवरच आले, गॅरेजभर फिरले, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाले, "दार बदलण्यात काही अर्थ नाही. गॅरेजच पाडा." मी म्हटलं, गाडी कुठे ठेवू? "गाडी विका. मूळ कारण गाडी आहे." शेजारच्या काकूंनी वाळूने भरलेली बादली आणून दिली आणि ती दाराजवळ ठेवायला लावली. दोन दिवसांत त्यांच्याच मांजराने त्या बादलीचा स्वतःपुरता उपयोग शोधून काढला. काकू म्हणाल्या, "बघा, मुक्या जनावरालाही वाळूचं महत्त्व कळतं." बाबांनी मात्र व्हार्निश, टर्पेंटाइन आणि सरसाचे डबे स्वतःहून उचलून अंगणातल्या पत्र्याच्या कपाटात नेऊन ठेवले. गुडघे धरून, एकेक डबा करत, अकरा फेऱ्या. मी तक्त्यावर त्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

दार आलं. मिस्त्रींनी ते तीन माणसांच्या मदतीने टेम्पोतून उतरवलं आणि उतरवून झाल्यावर चौघंही पायरीवर बसून राहिले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे तिजोरीचं तर नाही ना?" मी त्यांना अभिमानाने समजावलं, की हे दार आगीला पूर्ण तीस मिनिटं थोपवतं. त्याच्या कडांना एक काळी पट्टी असते, ती तापली की फुगते आणि फट बंद करते. आणि वर जोरदार स्प्रिंग आहे, म्हणजे कोणी दार उघडं टाकलं तरी ते आपलं आपण मिटतं. मिस्त्री म्हणाले, "म्हणजे माणसापेक्षा शहाणं."

मग दार आणि फ्रिज यांचं जमेना. उघडलं की फ्रिजवर आदळायचं. फ्रिज सरकवला तर त्याची वायर बटणापर्यंत पोचेना. बटण हलवायला भिंत फोडली तर आत जुना नळ निघाला, आणि तो निघाला म्हणजे अगदी निघालाच. अर्धा दिवस स्वयंपाकघरात आम्ही घोट्यापर्यंत पाण्यात होतो. सर्वज्ञ खिडकीतून बघत म्हणाले, "आगीच्या दृष्टीने हे चांगलंच आहे." बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या आठवड्यात आम्ही शिजवलेलं काही खाल्लं असेल तर ते काकूंकडे.

अखेर दार बसलं. गॅरेजकडच्या बाजूची मूठ तेवढी राहिली होती, ती मिस्त्री दुसऱ्या दिवशी बसवणार होते. पण मला दम निघेना. मी जाकीट घातलं, सर्वज्ञ, काकू आणि घरच्यांना स्वयंपाकघरात उभं केलं, पाच मिनिटं भाषण केलं आणि दार आपोआप कसं मिटतं ते दाखवण्यासाठी गॅरेजमध्ये गेलो. दार मिटलं. फार सुंदर मिटलं. मग मी वळलो आणि माझ्या लक्षात आलं, की उघडायला मूठच नाही. गॅरेजच्या शटरला आतून कुलूप होतं आणि किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर. मी दारावर थापा मारल्या. हाका मारल्या. आईला, बायकोला, शेवटी सर्वज्ञांनासुद्धा. कोणी उघडेना.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. माझी वाट बघून सगळे चुळबुळायला लागले, तेव्हा सर्वज्ञ म्हणाले, "दार तीस मिनिटांचं आहे. परीक्षण पूर्ण झाल्याशिवाय उघडायचं नसतं." मग सगळ्यांनी चहा घेतला. बरोबर तिसाव्या मिनिटाला आईने दार उघडलं, कारण माझा कप निवत होता. माझा घसा बसला होता आणि जाकिटाला ग्रीस लागलं होतं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

बाबा पुढे आले. त्यांनी विचारलं, "आतून हाका मारत होतास?"

"घसा फुटेपर्यंत."

"आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही रे," बाबा म्हणाले आणि त्यांनी दारावरून हात फिरवला. मला वाटलं, ते दाराची तारीफ करताहेत. मी खरखरत्या आवाजात त्यांना दाराची जाडी सांगितली.

दुसऱ्या दिवशी मूठ बसली आणि बाबा गॅरेजमध्ये कामाला गेले. दार उघडायला त्यांना खांदा लावावा लागत होता. दोन दिवसांनी मी पाहिलं, तर दार सताड उघडं. खाली बाबांनी एक लाकडी पाचर मारली होती. कसली सुरेख पाचर होती! जुन्या खुर्चीच्या हाताची, घासून गुळगुळीत केलेली, पकडायला बोटापुरती खाच, खाली फरशी खरवडू नये म्हणून कापडाचा तुकडा. इकडून आईचा आवाज येत होता, तिकडून "मग?" येत होतं. मी तोंड उघडणार होतो, पण बायकोने माझा दंड धरला. म्हणाली, "राहू दे." मी राहू दिलं. दोन आठवडे राहू दिलं, आणि तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पाहणीचा दिवस आला. साहेब आले, बरोबर एक कारकून. त्या सकाळी बाबांनी पाचर काढून बाकाखाली ठेवली होती. साहेबांनी दार उघडून सोडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, मिटलं. भोकं बघितली, छत बघितलं. "उत्तम," ते म्हणाले. "एखाद्या घरात इतकं काटेकोर काम मी बघितलेलं नाही." चौदाच्या चौदा खुणा झाल्या. कारकुनाने शिक्का बाहेर काढला. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारखा जबाबदार नागरिक हवा."

आता या वाक्यानंतर माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी जाकिटात होतो. आयुष्यात मला कोणी जबाबदार म्हटलं नव्हतं, आणि बाकाखाली पाचर असताना ते ऐकून घेणं मला अप्रामाणिक वाटलं. मी दोन पावलं पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, एक बाब नमूद करायची राहिली." आणि खाली वाकून मी ती पाचर काढली आणि त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली. "ही कोणी केली?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खुर्चीचा एक पाय हातात धरून उभे होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. म्हणाले, "मी केली. चूक झाली."

साहेब नरम आवाजात म्हणाले, "आजोबा, काम फार छान आहे. पण ही दाराखाली असली तर दाराचा काही उपयोग नाही. हे तर तुमच्या मुलालाही माहीत आहे." कारकुनाने पंधरावं कलम लिहिलं, पाचर पाकिटात घालून फाइलला जोडली आणि शिक्का मारला. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव ठळक आहे.

ते गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "नियमच आहे हो बाबा. शेवटी तुमच्या आणि आईच्याच जिवासाठी केलं ना?" बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." ते चिडले असते तर किती बरं झालं असतं.

बाबांनी पुन्हा पाचर केली नाही, दाराला खुर्चीही लावली नाही, आणि घरात शांतता पसरली. पहिले काही दिवस मला ती सुखाची वाटली. मग एकदा आजारपणाच्या रजेवर घरी होतो, तेव्हा आईला एकटीला ओट्याशी बघितलं. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "अहो, ऐकलंत का, त्या कोपऱ्यावरच्या…" आणि थांबली. दाराकडे बघितलं. मग उरलेल्या शेंगा मुकाट्याने सोलल्या. मी काय केलं होतं ते मला त्या वेळी कळलं.

मी दुरुस्तीला लागलो, म्हणजे आणखी बिघडवलं. आधी इंटरकॉम बसवला. एक फोन ओट्यावर, एक बाकावर. पहिल्या दिवशी घंटी वाजली. आईने हात पुसून, पदर सारखा करून फोन उचलला.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"मी."

"बोला."

"तू बोल. सहज केला होता."

"बरं. ठेवू का मग?"

त्यानंतर घंटी वाजली नाही. मग मी बाबांचं बाक स्वयंपाकघरात आणायचं सुचवलं, तर भुसा अन्नात जाईल म्हणून आईच नको म्हणाली. संध्याकाळी दोघांना सोफ्यावर बसवून मी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दाराआड उभा राहिलो. बराच वेळ काही नाही. मग आईने विचारलं, "पाणी हवंय का?" बाबा म्हणाले, "नको." एवढ्यावर बैठक संपली. सर्वज्ञ म्हणाले, या वयात माणसं अशीच अबोल होतात, त्यांनी त्यावर वाचलंय.

शेवटी मला कळलं, की दार उघडं धरून ठेवणारं एक चुंबक मिळतं. धूर झाला की ते आपोआप सोडून देतं आणि दार मिटतं. नियमात बसतं. फक्त घरभर धुराचे सूचक बसवायचे आणि परवानगीसाठी एक अर्ज करायचा. मी आनंदाने कागद घेऊन गॅरेजमध्ये गेलो. बाबा एका खुर्चीला पॉलिश पेपर मारत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या हातातल्या कागदावर हात ठेवला.

"तू आता काही करू नकोस, बाळा."

"पण बाबा, एकच अर्ज…"

"नको. होतंय आमचं."

मला त्यांनी इतक्या मऊ आवाजात आयुष्यात कधी काही नाकारलं नव्हतं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आजही तो खिशात असतो.

‘होतंय आमचं’ म्हणजे काय, ते मला गेल्या आठवड्यात दिसलं. कचेरीत वीज गेली म्हणून मी दुपारी लवकर घरी आलो. स्वयंपाकघराच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. मधलं दार उघडं होतं. बाबा उंबऱ्यात उभे होते, दाराला पाठ टेकून, दोन्ही टाचा फरशीत रोवून. ती दणकट स्प्रिंग त्यांना पुढे ढकलत होती आणि ते तिला मागे रेटत होते. त्यांचे गुडघे थरथरत होते. कपाळावर घाम होता. एका हातात खुर्चीचा पाय होता आणि ते तो उगाच पुसत होते, म्हणजे काम चालूच आहे. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पण तिचे हात घाईत होते आणि आवाजही घाईत होता.

"ती मावसबहीण नाही का… जाऊ दे, ते लग्नाचं राहू दे. पोरगी आली होती तिची. आई गेली म्हणाली."

"मग?" बाबा म्हणाले. त्यांचा एक पाय घसरला, तो त्यांनी पुन्हा रोवला.

आईने एकदा मागे वळून त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"थांबा," ती म्हणाली, "थोडक्यात सांगते."